सगळे शब्द झेरॉक्सवाल्याचे

जागा सोडा असं सांगणारी मेल आली तेव्हा मी हिंगोलीत आमच्या ज्युनियर कॉलेजच्या ऑफिसात बसून पोरांचे टीसी छापत होतो. मेल मोठी गोड होती. इतकी वर्षं आपण आमच्यासोबत राहिलात, आम्ही आपले आभारी आहोत, आणि आता फुकटच्या प्रकल्पांसाठीची ही सेवा आम्ही बंद करत आहोत, तरी दिलेल्या मुदतीत आपलं सामान हलवावं. घरमालकाशी माणूस भांडू तरी शकतो. हा घरमालक समुद्रापलीकडे कुठंतरी, त्याचं तोंड कधी पाहिलेलं नाही, आणि भाडंही कधी दिलेलं नाही. फुकट राहणाऱ्यानं कोणत्या तोंडानं भांडायचं? मी प्रिंटरमध्ये कागद भरले आणि राहिलेले टीसी छापले.

सामान काय होतं ते सांगतो. आपण फोनवर किंवा कॉम्प्युटरवर मराठी लिहितो तेव्हा चुकलेल्या शब्दाखाली लाल रेघ येते. कुणीतरी कुठंतरी बसून बरोबर शब्दांची यादी केलेली असते आणि त्या यादीत नसलेला शब्द चूक ठरतो. आमच्याकडचे निम्मे शब्द त्या यादीत नव्हते. 'का' या अर्थानं 'काहून' लिहिलं की खाली रेघ, आणि वर शहाणपणा, की तुम्हाला 'पाहून' म्हणायचं आहे का. शेताला 'वावर' लिहिलं की 'वापर'. 'व्हय' लिहिलं की 'वय'. एकदा मी चुलतभावाला 'काल काहून आला न्हाईस' असं पाठवलं, तर फोननं आपल्या मनानं 'काल पाहून आला न्हाईस' करून टाकलं. त्याच्या लग्नाचं तेव्हा बघणं चालू होतं. त्याचं उत्तर आलं, 'पाहून आलो की, पण पोरगी जमली न्हाई.'

हसून झाल्यावर मला राग आला. मी थोडंफार प्रोग्रॅमिंग शिकलेलो होतो, ऑफिसात बसून त्याला गंज चढत होता. म्हणून मी आमच्याकडच्या शब्दांची वेगळी यादी आणि ती फोनला, कॉम्प्युटरला जोडणारं एक छोटं सॉफ्टवेअर केलं. ते ओपन सोर्स ठेवलं, म्हणजे ज्याला पाहिजे त्यानं आत डोकावून बघावं, न्यावं, बदलावं, कुणाला विचारायचं काम नाही. अशा उघड्या सॉफ्टवेअरसाठी इंटरनेटवर जागा देणाऱ्या कंपन्या असतात. तिथं तुमचा सगळा कोड राहतो आणि कुणी कधी काय बदललं याची एकेक नोंद राहते. नोंदीवर नाव असतं. आमच्या यादीत एक शब्द आला की एक नोंद, आणि शब्द देणाऱ्याचं नाव तिच्या कपाळावर.

शब्द मी एकट्यानं कुठून आणणार? ऑफिसात दिवसभर 'अर्जदार' आणि 'उपरोक्त' लिहून माझीच बोली पातळ झालेली. म्हणून एसटी स्टँडजवळच्या झेरॉक्सवाल्याला हाताशी धरलं. त्याच्याकडे सगळा जिल्हा येतो, कुणी सातबारा काढायला, कुणी फॉर्म भरायला, कुणी नुसतं उन्हाचं टेकायला. त्याच्या कॉम्प्युटरवर मी एक साधं पान करून दिलं. शब्द लिहा, अर्थ लिहा, देणाऱ्याचं नाव लिहा, ई-मेल लिहा, बटण दाबा. लोक फॉर्मची वाट बघत बसले की तो विचारायचा, "मामा, तुमच्याकडं सांजच्या वख्ताला काय म्हणतात?" मामा म्हणायचे, "झाकट पडली." झाली नोंद. काही लोक मग सवयीनं फोनवरूनच त्याला शब्द सांगायला लागले.

सगळ्यांत जास्त शब्द माझ्या सेनगावच्या काकूनं दिले. काकू म्हणजे माझ्या वडिलांच्या धाकट्या भावाची बायको. तिचं माहेर वाशिमकडचं, त्यामुळं तिच्या बोलण्यात तिकडचं आणि इकडचं अशी दोन्हीकडची भर. भाजी फोडणीला टाकता टाकता तिला शब्द आठवायचा आणि ती गॅस बारीक करून झेरॉक्सवाल्याला फोन लावायची. "हे घे. येरवाळी. म्हंजे लवकर. येरवाळी निघालं की ऊन लागत न्हाई." आधी हे फोन मला यायचे. पुढं मीच कंटाळून तिला त्याचा नंबर दिला. तो बिचारा काउंटरवर गर्दी असली तरी लिहून घ्यायचा.

तर हे असं बिऱ्हाड. ते हलवायला मला मुळीच उत्साह नव्हता. बारा भानगडी करून उभं केलेलं पुन्हा उचलायचं, आणि तेही कुणाच्या तरी मर्जीसाठी. वापरणारे लोक तर धड कळवतही नाहीत. चाललं तर गप्प, बंद पडलं तर "सर, तुमचं ते चालून नाही राहिलं." बंदच करून टाकावं असं मनात आलं होतं. पण एका रविवारी बसलो आणि नव्या एका ठिकाणी जागा घेतली. कोड एका हुकमासरशी तिकडं गेला. इतक्या सहज गेला की मला वाटलं, उगाच घाबरलो.

मग नोंदींचं पान उघडलं. प्रत्येक शब्दापुढं झेरॉक्सवाला होता.

नुसतं नाव नाही, फोटोसकट. काळा गॉगल लावून, दुसऱ्याच्या बुलेटला टेकून काढलेला फोटो. 'वावर', झेरॉक्सवाला. 'झाकट', झेरॉक्सवाला. 'येरवाळी', झेरॉक्सवाला. खाली खाली सरकत गेलो तरी गॉगल काही संपेना.

भानगड कळायला वेळ लागला, पण कळल्यावर आपल्याच लोकांवर हसावं का रडावं ते समजेना. पानावर ई-मेलचा रकाना होता. आमच्याकडे ई-मेल म्हणजे पानाला लागणारा चुना. ज्याची डबी जवळ असेल त्याची उघडायची. कुठल्याही फॉर्मवर ई-मेल विचारला की लोक झेरॉक्सवाल्याकडे बघतात आणि तो आपलाच टाकतो. जिल्ह्यातल्या निम्म्या माणसांच्या पीक विम्याच्या मेल, पोरांच्या परीक्षेच्या मेल त्याच्याकडेच येऊन पडतात. आमच्या शब्दांनाही त्यानं तोच लावला. जुन्या जागेला त्याचं काही नव्हतं, ती नोंदीत जे नाव लिहिलंय तेच दाखवायची. नवी जागा नाव बघतच नाही, ई-मेल बघते. त्या ई-मेलवर कुणाचं खातं आहे ते शोधते आणि त्याचं नाव, त्याचा फोटो वर डकवते. आणि या पठ्ठ्यानं पूर्वी कधीतरी कसलंसं सॉफ्टवेअर उतरवून घ्यायला तिथं खातं काढून ठेवलेलं.

त्याला दाखवलं तर तो खूश. स्क्रीनवर बोट फिरवत म्हणाला, "साहेब, राहू द्या की. आमी काय परके हाव का?"

"अरे, पण शब्द लोकांचे आहेत."

"लोकांचेच. पण टाईप कोणी केले?"

मी चिडलोच. मी म्हटलं, तू सातबारा टाईप करतोस म्हणून वावर तुझं होतं का. हे त्याला पटलं. हसून त्यानं चहा सांगितला.

दुरुस्ती करता येत होती. नोंदी पुन्हा लिहायच्या, प्रत्येक माणसाला वेगळा ई-मेल पत्ता द्यायचा, तो मीच बनवून देणार होतो. पण हे नव्या घराचं दार उघडायच्या आधीच करायचं असतं. एकदा लोकांनी तिथून प्रती उतरवून घेतल्या की मागच्या नोंदींना हात लावायचा नसतो, नाहीतर सगळ्यांच्या प्रती एकमेकींशी भांडायला लागतात. म्हणजे आत्ता जे नाव लागेल ते लागलं, पुढं कायमचं तेच. आणि नावं बघायला गेलो तर तिथं दुसरी गंमत. झेरॉक्सवाल्यानं नावाच्या रकान्यात आपल्या फोनमध्ये माणसं जशी साठवलेली असतात तशीच लिहिलेली. 'गिरणी मामा.' 'कंडक्टर साहेब.' 'सेनगाव काकू.'

मी याला त्याला फोन करायला लागलो. खरं नाव सांगा, पूर्ण सांगा. निम्म्या लोकांना वाटलं काहीतरी योजना आली. एकानं आधार नंबर सांगायला सुरुवात केली. एकानं विचारलं, "नाव लागलं तर पुढं काही तकलीफ तर न्हाई ना?" आमच्याकडे नाव लागणं ही चांगली गोष्ट असेलच असं नाही. मी सगळ्यांना तेच तेच समजावत राहिलो, आणि बोलून बोलून माझा आवाज बसला.

कंडक्टर साहेब कनेरगाव नाक्यावर राहतात, रिटायर झालेत. फोनवर त्यांना ऐकू कमी येतं म्हणून मी तिकडं गेलो. एका धाब्यावर बसून त्यांनी माझ्या फोनवर तो गॉगलवाला फोटो पाहिला आणि हातातली भजी ताटलीत ठेवली.

"हे बेणं कोण?"

मी सांगितलं.

"मी पूर्ण सर्व्हिसमदी कुणाला बिनतिकीट बसू देलं न्हाई. आन् हे माह्या शब्दावर बसून राहिलं?"

त्यांचं नाव लिहून घेतलं. मी उठलो तर त्यांनी मनगट धरलं. नावापुढं बिल्ला नंबर टाक म्हणाले. त्याची गरज नाही असं मी सांगून पाहिलं. ते म्हणाले, "नुसत्या नावाचे आमच्या डेपोत तिघं होते." मी बिल्ला नंबर टाकला. कुणाकुणाची समजूत काढत बसणार?

राहता राहिली काकू. घरचीच म्हणून तिला शेवटी ठेवलं होतं. काकूचं नाव तर मला माहीतच होतं, काकांच्या रेशनकार्डावर आहे. विचारायचंही काम नव्हतं. तरी रीत म्हणून फोन केला आणि झाला प्रकार सांगितला. पलीकडे तिनं गॅस बारीक केला.

"म्हंजे माहे सारे शब्द त्याचे झाले?"

"झाले नाहीत. मी बदलून राहिलोय ना. तुझं नाव टाकतो, रेशनकार्डावरचं."

"थांब. टाकू नको."

"काहून?"

"घरी ये, मंग सांगते."

मला वैताग आला, खरं सांगतो. मुदत संपत आलेली, ऑफिसात प्रवेशाची गर्दी, आणि एका नावासाठी सेनगावला जायचं. एसटी चुकली म्हणून जीपमध्ये बसलो. जीप भरेपर्यंत ड्रायव्हर काही निघेना. माझ्या मांडीवर कुणाचं तरी बी-बियाण्याचं पोतं. सगळ्या रस्त्यानं मी मनातल्या मनात त्या समुद्रापलीकडच्या घरमालकाला शिव्या दिल्या, आणि मग ज्या दिवशी चुलतभावाला तो मेसेज पाठवला त्या दिवसालाही दिल्या.

काकूनं पोहे केले होते. काका शाळेतल्या क्लार्कीतून रिटायर झालेले, ते बाजेवर पेपर वाचत होते. पोहे खाऊन होईपर्यंत काकू आग्रहच करत राहिली. मग माझ्यासमोर खाली बसली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "ते नाव एकदा लागलं की बदलत न्हाई म्हंतोस?"

"नाही बदलत. आता सांगशील तेच कायम."

"मंग कोणतं टाकायचं?"

"कोणतं म्हणजे? तुझं."

"माह्या बापानं ठिवलेलं का तुह्या काकानं ठिवलेलं?"

मी पोह्यांची ताटली खाली ठेवली. लग्नात नवऱ्या मुलीचं नाव बदलतात हे कुणाला माहीत नाही? ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीनं त्यावर नवं नाव लिहितो, सगळे हसतात, फोटो निघतो. मी स्वतः अशा किती लग्नांत जेवलोय. पण काकूला आधी दुसरं नाव होतं, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. काकू जन्मल्यापासून काकूच होती.

तिनं माहेरचं नाव सांगितलं. ते माझ्या आईचं नाव होतं.

पेपरामागून काकांचा आवाज आला. "आता हे काय नवीन काढलं?"

"नवीन कुठलं," काकू म्हणाली, "जुनंच हाय."

मग काकांनीच पेपर खाली ठेवून सांगितलं. घरात त्या नावाची एक सून आधीच होती, म्हणजे माझी आई. दुसरीही त्याच नावाची आली. हाक कुणाला मारली ते कसं कळायचं? धाकटीचं बदललं. "यात वाईट काय? रीतच होती. बाई माणसानं मनाला लावून घेतलं न्हाई कधी." काका हे मला सांगत होते, तिच्याकडे बघत नव्हते.

"मी कुठं म्हणाले लावून घेतलं?" काकू म्हणाली. "जाऊबाईनं ते नाव चांगलं वागवलं. पण हे शब्द माह्या माहेरचे हायत. मी येरवाळी म्हणाले, अजून काय काय म्हणाले, ते या घरात शिकून न्हाई आले. ते शिकले तवा माहं नाव ते होतं. इतकंच."

मला वाईट वाटलं. आई जाऊन आता बरीच वर्षं झाली. तिनं ते नाव जन्मभर वापरलं, आणि शेजारच्या चुलीपुढं बसलेल्या बाईला ते ऐकू येत होतं, रोज, दुसऱ्यासाठी. दोघींचं चांगलं जमायचं. त्यावरून कधी शब्दानं शब्द वाढलेला मला आठवत नाही. आई ते नाव ऐकून उठायची तेव्हा काकूचीही मान कधी वळली असेल का, हा विचार मला जीपमध्ये परतताना आला आणि मग गेला नाही.

काकूच्या नावामागं काय लावायचं हाही प्रश्न होता. वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव. काकांनी तेही ऐकलं. मी निघालो तेव्हा मला रस्त्यापर्यंत सोडायला आले आणि जीप आल्यावर म्हणाले, "नीट टाक. ऱ्हस्व-दीर्घ बराबर बघ. तिच्या बापाच्या नावात चुकतात लोक."

पुढच्या रविवारी ऑफिस उघडून बसलो. नोंदी पुन्हा लिहिणारा हुकूम दिला. कॉम्प्युटर जुना, पंख्याचा घरघर आवाज करत त्यानं एकेक नोंद उलगडली, नाव काढलं, नाव घातलं. गॉगल एकेक करून गेले. झेरॉक्सवाल्याच्या नावावर त्यानं स्वतः दिलेले शब्द तेवढे उरले, आणि ते चांगले होते, मला माहीतच नव्हते. त्यानं दिलेला 'उलीसक', म्हणजे थोडंसं, मी यापूर्वी काकूचा समजत होतो. मी दार उघडलं, म्हणजे नवी जागा सगळ्यांसाठी खुली केली. जुन्या जागेच्या पानावर दोन ओळी लिहून ठेवल्या, की आम्ही इथून गेलो आहोत, नवा पत्ता अमुक. त्या पानाचंही थोडेच दिवस उरले होते. आनंद वगैरे काही झाला नाही. पाठ दुखत होती. खरं म्हणजे मला फक्त घरी जाऊन आडवं व्हायचं होतं.

झालं म्हणून कळवावं, नाहीतर तीच फोन करत बसेल, म्हणून काकूला फोन लावला.

"झालं. तुझ्या सगळ्या शब्दांवर तुझं नाव लागलं."

"कोणतं?"

"तू सांगितलेलंच."

"दिसून राहिलं का तुला तिथं?"

"दिसून राहिलं. समोरच आहे."

"मंग वाच बरं."

मोठ्या माणसाचं नाव असं तोंडावर घ्यायचं नसतं, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. आणि ते नाव तर आईचं. बँकेत, दवाखान्यात खिडकीवर कुणी विचारलं तेव्हाच काय ते मी घेतलेलं, तेही खालच्या आवाजात. मी म्हटलं, "काकू, कसं घेऊ?"

"घे की. मी सांगून राहिले ना. माह्या माहेरी आता कोणी उरलं न्हाई घेणारं."

ऑफिसात कुणी नव्हतं. मी घसा साफ केला आणि स्क्रीनकडे बघत ते नाव वाचलं. नुसतं नाव, मागचं पुढचं काही नाही.

पलीकडून काकूनं ओ दिली.